जावईबापूंचे कान

प्रिय धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याला नीट ऐकू येत नाही, असं आज डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून लगेच लिहिते आहे. मागच्या पत्रात मी त्यांना उद्धट म्हटलं, ते चुकलंच.

ब्रेकर मशीनने काँक्रीट फोडून फोडून, त्या आवाजाने कान गेले. साइटचं गोदाम माझ्याच ताब्यात. त्यांनी कानांवर लावायची टोपणं मागितली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, एवढे नाजूक कधीपासून?" आता त्यांच्यासमोर मान वर होत नाही.

तुला वाटतं तसे फोनवर ते रागाने गप्प नसतात. "तिचं बोलणं कळत नाही, म्हणून नुसतं हूं म्हणतो," म्हणाले. तेव्हा माहेरी जायला भरलेली बॅग आधी रिकामी कर. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
ताई

ता.क. आज गोदामातून दिलं: कानांची टोपणं, ब्रेकर चालवणाऱ्या सगळ्यांना. पहिली जोडी जावईबापूंना, न मागता.