आधी बंबातली फुलं काढा

बंबात प्लास्टिकची फुलं खोचलीत, ती आधी काढा. पाणी तापवायच्या भांड्याची फुलदाणी केलीत आणि आल्यागेल्याला "ॲन्टिक आहे" म्हणून दाखवता. मीही त्याच खोलीत बसलेली असते, मला कुणी दाखवत नाही.

आता कायद्याचं. मी, सोजरबाई गेनबा कुंजीर, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मांजरी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते कायद्याला लागत नाहीत. कुणी धाक घातलेला नाही. घालणारे सगळे वारले.

१. घर. ही बिल्डिंग उभी आहे तिथे आमचं वांग्याचं वावर होतं. मुलगा दत्तोबा याने सही मागितली, मी दिली. फ्लॅट त्याच्याच नावावर आहे, तेव्हा घर देण्याचा त्रास मला नाही. बँकेत असेल ते नात उल्का हिला.

२. बंब. हाही उल्काला, पण पेटवायला. मधल्या नळीत खाली चिपाडं, वर गोवरी, मग बाभळीचं लाकूड. पाणी भरल्याशिवाय जाळ घालू नये, तांब्याचे डाग दिलेले सांधे सुटतात. उरलेले निखारे शेगडीत घेऊन खोलीत ठेवावेत, ऊब राहते. मात्र खिडकी चार बोटं उघडी हवी. शकू, माझी जाऊ, दार-खिडकी सगळं लावून शेगडीपाशी झोपली ती उठलीच नाही. लोक म्हणाले थंडीने गेली. ती उबेने गेली.

३. बी. पानशेत फुटलं त्या वर्षी मी या घरात आले. सासूने काही दागिना घातला नाही, वांग्याचं बी दिलं. बंबाची राख चाळायची, त्यात बी ठेवायचं, म्हणजे किडा लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पेरून नवं धरायचं, नाहीतर बी मरतं. इतकी वर्षं ते चाललं. फ्लॅटच्या गॅलरीतसुद्धा मी बंब पेटवत होते. मग शेजारचे श्यामसुंदर आले. "आजी, आपला धूर आमच्याकडे येतो." मी म्हटलं, "ठेवून घ्या, आम्ही परत मागत नाही." ते हसले नाहीत, सोसायटीत अर्ज केला. दत्तूने बंब घासून हॉलमध्ये नेला. नवी राख बंद झाली.

जुन्या राखेचं गाडगं तेवढं होतं, सगळं बी त्यात. दसऱ्याच्या साफसफाईत सूनबाई हेमाने ते घंटागाडीत दिलं. विचारलं तर म्हणाली, "आत्या, नुसती राख होती." दोष देत नाही असं लिहावं म्हणतात. मी देते. शेतकऱ्याची लेक आहे ती. गाडग्यातल्या राखेत हात घालून बघतात, हे तिला ठाऊक होतं.

४. झाड. गॅलरीत रंगाच्या डब्यात एकच उरलंय. त्यावर एक वांगं बियाला राखलंय, देठाला लाल दोरा आहे. थंडीत पाणी संध्याकाळी घालू नये, ऊन आल्यावर घालावं. रात्री वरून पोतं टाकावं. वांगं पिवळं होऊन देठ सुकेपर्यंत तोडू नये. मग गर पाण्यात चोळावा. तरंगेल ते फेकावं, बुडेल ते सावलीत वाळवावं. समोर नवी बिल्डिंग झाल्यापासून ऊन जेवायला आल्यासारखं येतं आणि हात धुऊन जातं. वांगं अजून जांभळंच आहे. ते पिकेल असं मला वाटत नाही. तुम्हाला सांगितलं नाही असं नको म्हणून लिहिलं.

५. मी. मला लाकडांवर जाळावं, विजेच्या भट्टीत नको. सावडायला जाल तेव्हा राख नदीला देऊ नका, नदीला आपली घाण पुरेशी आहे. डबाभर घरी आणा, चाळा, बी झालंच तर त्यात ठेवा. मसणातली राख घरात आणत नाहीत हे मलाही माहीत आहे. मग दुसरी राख तुमच्या घरात कुठे आहे, दाखवा.

सही: सोजरबाई गेनबा कुंजीर
साक्षीदार: १. श्यामसुंदर, शेजारी. धुराची तक्रार यांचीच. अक्षर चांगलं आहे म्हणून घेतले. २. भैरू, दूधवाला.
ठिकाण: मांजरी, पुणे. तारीख: ९ जानेवारी २०२३

श्यामसुंदर म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत. हे कायद्याचं नाहीच. जुन्या गावठाणातली आनंदीबाई दर साली मृगाच्या तोंडावर माझ्याकडे बी मागायला येते. आमच्यात बी विकत नाहीत, मागेल त्याला मूठभर देतात. आणि घरातलं संपलं तरी "संपलं" म्हणत नाहीत, "वाढलं" म्हणतात. यंदाही ती येईल, दारात पदर पसरून उभी राहील. तेव्हा हेमाने आतून ओरडून सांगू नये. उल्काला पुढे करू नये. दत्तूनेच दार उघडायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं, आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं: संपलं.