विहिरीच्या गाळातलं सोनं

जेसनच्या पप्पांना,

देव तुम्हाला सुखी ठेवो, आणि थोडी अक्कलही देवो. सांगते मी, लिहून घेते आपली नात प्रीतल.

आधी कामाचं. विहीर बुजवू नका. भरावाचा ट्रक आला तर चहा पाजून परत पाठवा. शेजारच्या बेनेडिक्टने उगाच भीती घातली. गाळात आणि पाण्यात सोमल नावाचं विष आहे, पण धोका व्हावा एवढं नाही.

इथली, प्रीतलच्या प्रयोगशाळेतली, तपासणी गमतीची आहे. चिमूटभर गाळ अणुभट्टीत ठेवतात, पण तो जळत नाही. न्यूट्रॉन नावाचे कण त्यात शिरले की गाळातलं एकेक द्रव्य आपापले किरण सोडून ओळख देतं. कितीही थोडं असो, आपल्या गिरीज गावच्या बायकांसारखंच तेही गप्प बसत नाही.

पहिल्यांदा गाळात चक्क सोनं निघालं! मी म्हटलं, आता वाडी कुणाला विकायची नाही. प्रीतल माझ्या हाताकडे बघून हसायला लागली. गाळ मीच तांदळाच्या पिठासारखा मळून दिला होता, लग्नाची अंगठी घालून; तिचंच कणभर सोनं गाळात उतरलं.

"आजी, परत हात लावायचा तर अंगठी काढ," म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच काढली, साबण लावून. उघडं बोट बघून डोळ्यांत पाणी आलं, ते साबणाचं. उरलेल्या गाळात सोनं निघालं नाही.

केळींना पाणी घालता ना? प्रेशरची गोळी घेता ना? की दोन्ही जेसनवर सोडलंत?

अंगठी परत घातली आहे. सुटलो असं समजू नका.

तुमचीच,
रोझलीन