मंगळवारची परवानगी

चियांग माय,
एप्रिलचा पहिला आठवडा

प्रिय अरण्या,

काल तुला टीव्हीवर पाहिलं. निळा कोट छान दिसतो तुला. मागे उपग्रहाने काढलेला नकाशा, त्यावर लाल ठिपके, आणि हातात काठी घेऊन तू समजावत होतीस की यंदा डोंगरातल्या आगी किती कमी झाल्या. मग त्या निवेदिकेने गोड आवाजात विचारलं, पकडलेल्यांमध्ये तुमचे सख्खे मामाही आहेत ना? तू जराही न अडखळता म्हणालीस, "नियम सर्वांना सारखा. माझ्या घरच्यांनाही." टाळ्या पडल्या. मी समोरच्या खानावळीत नूडल खात बसलो होतो, तिथल्या लोकांनीही माना डोलावल्या. खानावळवाली, जिच्या तोंडी आपल्या 'आचार्य'चा 'आचान' होतो, पळी उगारून म्हणाली, "आचान, पोरगी वाघीण आहे हो तुमची!" मी 'हो' म्हटलं आणि वाटी अर्धी टाकून उठलो. वाघीण आपल्या माणसांना खाऊन टाळ्या घेत नाही, एवढं प्राणिशास्त्र मला संस्कृत शिकूनही ठाऊक आहे.

तुझा लेपोमामा ज्या कोठडीत आहे तिथे टीव्ही नाही, हे त्याचं भाग्य. जामीन मिळाला नाही. राखीव जंगलात आग लावली, तीही बंदीच्या काळात. म्हणजे शिक्षा वर्षांच्या हिशेबात होणार. येत्या सोमवारी न्यायाधीशांसमोर उभं करतील. आजवर मी तुझ्या खात्याची थट्टा पुष्कळ केली. यंदाच्या बंदीचा 'प्रकात', म्हणजे जाहीरनामा, निघाला, तेव्हा मीच तुला लिहिलं होतं, की मूळ शब्द 'प्रकाश', आणि इतक्या धुरात दिसतो तेवढा तोच. तू हसलीस. 'नयोबाय' म्हणजे नय अधिक उपाय, तुमच्या धोरणांत दोन्हींपैकी एक तरी असावं, असंही लिहिलं होतं. त्यालाही हसलीस. आज थट्टा करण्याइतका मी शांत नाही. सवयीने मधूनमधून होईल ती माफ कर.

न्यायशास्त्राच्या पोरांना पहिला धडा डोंगरावरच्या धुराचा देतात. धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे असं समजावं. आमचे नैयायिक एवढ्यावर थांबले. तिथे गुन्हेगार आहे, हे पुढचं अनुमान तुमच्या खात्याचं. नदीपलीकडे, सरहद्दीच्या त्या बाजूला, मक्याचे डोंगरच्या डोंगर पेटतात. तो मका ट्रक भरभरून याच रस्त्याने खाली येतो, त्याच्यावर कोंबड्या पोसल्या जातात, आणि त्या कोंबड्या तुमच्या परिषदेच्या जेवणात येतात. त्या ट्रकवर लाल ठिपका नसतो. खालच्या तालुका कचेरीसमोर हवा मोजायचं यंत्र आहे, त्याच्याभोवती अग्निशामकाचा बंब सकाळ-संध्याकाळ पाणी फवारतो. यंत्र खोकत नाही. माणसं खोकतात, पण त्यांच्यावर कोण फवारणार?

तू हे काम का धरलंस ते मला माहीत आहे. तुझ्या आईचा शेवटचा मार्च आपण दोघांनी काढला. दारं-खिडक्या ओल्या चादरींनी बंद केल्या होत्या, आणि तरी तिचा श्वास एखाद्या जुन्या भात्यासारखा वाजायचा. सिगारेट कधी ओढली नाही तिने. हा धूर बंद केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही, असं तू तिच्या उशाशी म्हणालीस. मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता. तुझी नाळ डोंगरातल्या रीतीप्रमाणे बांबूच्या नळीत घालून याच लेपोमामाने झाडाला बांधली, म्हणून मी तुझं नाव अरण्या ठेवलं. ती अरण्या जंगलासाठी भांडणार, यात मला कुठे वावगं दिसलं नाही. वावगं नंतर झालं.

फेब्रुवारीत तू तुझी माणसं घेऊन मामाच्या गावी आलीस, ते आठव. मोबाईलवरचं ते नवं साधन. शेताचा नकाशा घाला, उतार घाला, आणि ते तुम्हाला बंदीतही जाळायचा एक परवानगीचा दिवस देईल. कागदोपत्री राखीव जंगलात पडणारं मामाचं शेत तूच भरलंस, त्याच्या चुलीपाशी बसून. मंगळवार मिळाला. मामा ओठाच्या कोपऱ्यात विडी धरून म्हणाला, "भाचीबाई, यात डोंगराच्या देवाला विचारायचं कुठं लिहितात?" तू म्हणालीस, "देवाला मी वरून कळवते." सगळे हसले. मग त्याने विचारलं, "आणि त्या दिवशी गावात कुणी मेलं तर?" तुझा तो चष्मेवाला सहकारी म्हणाला, असा पर्याय यात नाही, काका. तू मात्र मामाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, "तसं झालं तर सरळ मला फोन करा." चुलीवर भाताची पेज रटरटत होती आणि तुझी आजी कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होती. तिने तुला जवळ ओढून तुझ्या केसांचा वास घेतला आणि म्हणाली, शहराचा साबण चांगला नाही.

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी, सोमवारी, आजीच गेली. तू म्हणालीस, मंत्र्यांबरोबर बैठक आहे, मला निघता येत नाही. खात्याच्या नावाची पट्टी लावलेला तुझा फुलांचा भला मोठा गोल हार मात्र वेळेवर पोचला. आपल्या डोंगरातल्या माणसांना तो कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी कुणीतरी डुकरांच्या कुंपणाला टांगला आणि डुकरांनी झेंडू खाऊन टाकला. तुझा मामा म्हणाला, "चला, सरकारचं काहीतरी आमच्या डुकरांच्या पोटात गेलं, नाहीतर नेहमी उलटं होतं." आईचं प्रेत घरात असताना असा विनोद करणारा माणूस आहे तो.

प्रेत घरात असेपर्यंत गावात कुणी कोयता उचलत नाही, शेतात पाऊल टाकत नाही, हे मी तुला सांगायला हवं का? तरणी पोरं-पोरी रीतीप्रमाणे आजीभोवती फेर धरून गात होती. मंगळवार आला आणि गेला. मामाच्या शेतातलं तोडलेलं रान कडकडीत वाळून पडलं होतं, आणि तुझ्या साधनाप्रमाणे ते त्याच दिवशी जळायला हवं होतं. वाईला माझी आई गेली तेव्हा मी दहा दिवस देवाला फूल वाहिलं नाही, आणि कुणी मला नियमभंगाची नोटीस पाठवली नाही. सुतक कळायला संस्कृत लागत नाही. घरात कुणीतरी मेलेलं असावं लागतं, एवढंच.

शुक्रवारी सुतक फिटलं. पश्चिमेला ढग जमायला लागले होते. एकदा पाऊस पडला की ते रान जळणार नाही, आणि रान जळलं नाही की वर्षभराचा भात नाही. गावातले बाकीचे म्हणाले, पेटवून टाक, कोण बघतंय. मामा म्हणाला, "नाही. पोरीने शब्द दिलाय. आधी तिला विचारू, उगाच तिची पंचाईत नको." त्याने माझ्याच फोनवरून तुला लावलं. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा केला होता. घरात आम्ही दोघंच होतो. तू काय म्हणालीस ते मी तुला तुझ्याच शब्दांत सांगतो, कारण अक्षरन् अक्षर लक्षात ठेवायची सवय मला पाठशाळेने लावली आहे. "मामा, जाळा. मंगळवारचं शुक्रवारी झालं म्हणून काय बिघडतं? मी इथून दुरुस्त करून घेते." मग मागून कुणीतरी तुला हाक मारली आणि तू फोन ठेवलास.

त्याने रीतीने जाळलं. कडेने पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा काढला होता, वरच्या अंगाला पाणी भरलेले बांबू घेऊन माणसं उभी होती. आग पट्ट्यापलीकडे गेली नाही. दुपारी वनखात्याची गाडी वर चढताना दिसली, तेव्हा हा शहाणा माणूस चहाचं आधण ठेवून बसला. त्याला वाटलं, तूच पाठवलंस त्यांना, सगळं नीट झालं का ते बघायला. गाडीतून उतरलेल्या त्या बूटवाल्याच्या हातात पेला देत त्याने विचारलं, "भाचीने पाठवलंय ना तुम्हाला? कशी आहे ती?" त्या माणसाने चहा घेतला, मला आठवतं, दोन घोट प्यायलाही, आणि मग म्हणाला, "कोण भाची? आग कुणी लावली ते बोला." मामाने माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात त्याला सगळं कळलं, मला कळायच्या आधी. तो म्हणाला, "मी लावली. माझ्या मनाने." त्यानंतर त्याने त्या विषयावर तोंड उघडलेलं नाही.

मी परवा त्याला भेटायला गेलो. जाळीपलीकडून म्हणाला, "दाजी, इथे मजा आहे. भात आयता, आणि रान जाळायची कटकट नाही." मी म्हटलं, लेपो, खरं सांगून टाक, परवानगी होती म्हणून. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी रागावला नव्हता. म्हणाला, "तिचं नाव काढलंत तर तुमच्या हातचं पाणी पिणार नाही. डोंगरातली एक पोर कधी नव्हे ती त्या मोठ्या कचेरीत बसलीय. मी तिला खाली ओढायचं? मी म्हातारा, मला कोठडी काय आणि झोपडी काय." अरण्या, या वाक्यानंतर मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून तुला मराठीत शिव्या दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, आचान मंत्र म्हणतायत.

तू दुरुस्ती करायची विसरलीस, की वरून कुणी 'नको' म्हणालं, मला माहीत नाही. विसरली असशील तर माणूस विसरतो. पण ते कालपर्यंत आठवलं नाही, कॅमेऱ्यासमोर त्याचं नाव निघालं तेव्हाही आठवलं नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. तू गप्प बसली असतीस तर मी त्याला भित्रेपणा म्हटलं असतं, आणि भित्रेपणा मला परवडतो, माझा स्वतःचा बराच आहे. पण ज्या माणसाने तुला वाचवायला तोंड शिवून घेतलं, त्याला तू आपल्या निःपक्षपातीपणाची पताका करून फडकावलीस. तुझ्या आईच्या फुप्फुसाचं नाव घेऊन हे करू नकोस. तिला भाऊ होता, आणि तो तिचा लाडका होता.

मला गप्प बसवायला तुझ्या एका सहकाऱ्याने कुठेतरी शब्द टाकला असावा. दर नव्वद दिवसांनी मी इथेच राहतो हे सांगायला मला परदेशी माणूस म्हणून ज्या कचेरीत जावं लागतं, तिथल्या अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. म्हणजे काहीतरी वाईट येणार हे मी ओळखलं. तो हसत म्हणाला, "आचान, तुम्ही आता आमचेच. पण पाहुण्याने यजमानाच्या चुलीत फुंकर घालू नये. पुढच्या महिन्यात मुक्काम वाढवायचाय ना तुमचा?" मी म्हटलं, चूल माझ्या बायकोच्या माहेरची आहे. त्याने हसतच शिक्का उचलला, आणि परत खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवतो आहे. उद्या तुला मिळेल. रागाला वाट करून द्यायला लिहिलं असं तुला वाटेल. तेही आहे, पण त्यासाठी न्हाणीघरात ओरडणं पुरलं असतं. सोमवारी मी साक्ष द्यायला उभा राहणार आहे. फोनवर तू जे बोललीस ते शब्दशः सांगणार. लेपो माझं तोंड पाहणार नाही, तुझी खुर्ची जाईल, आणि मला बहुधा हा देश सोडावा लागेल. तुझी आई इथल्या मातीत आहे, तरीही. हे मी तुला विचारत नाही, कळवतो आहे. फक्त एक गोष्ट माझ्या हातात नाही, ती तुझ्या हातात आहे. तू स्वतः येऊन बोललीस तर मला बोलावं लागणार नाही. मामाने तुझं नाव घेतलं असंही होणार नाही, आणि बापाने घेतलं असंही नाही. रविवारी रात्री बँकॉकहून निघणारी बस सोमवारी पहाटे इथे पोचते. मी स्थानकावर येईन. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबेन, आणि मग तिथूनच थेट न्यायालयात जाईन, तुझ्यासोबत किंवा एकटा.

इतका रागावलेला, तरीही तुझाच,
बाबा