समुद्राकडे तोंड करून

अब्बा, काल नातीने हॉलमध्ये तंबू उभारला आणि तुमची आठवण आली. तिच्या शाळेची मुलं थंडीत वाळवंटात कॅम्पला जाणार आहेत, त्याची ही रंगीत तालीम. आमचा अल मुंतझाचा फ्लॅट केवढा, त्यात सोफा सरकवून, टीव्ही झाकून तिने तो निळा तंबू ताणला आणि मला म्हणाली, "नानी, केअरफुल!" जणू मी जन्मात तंबू पाहिला नव्हता. मी म्हटलं, तुझी आई जन्मायच्या आधी मी तंबूत झोपलेय, इथेच, दोह्याच्या किनाऱ्यावर. कुठे, म्हणून विचारलं तर मी खिडकीतून द पर्लच्या दिशेला हात केला. ती हसली. "नानी, देअर आर ओन्ली टॉवर्स देअर!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मग मी वाकून त्या तंबूत डोकं घातलं आणि वास घेतला. नुसता प्लॅस्टिकचा वास होता. आपल्या तंबूचा वास वेगळा होता, तुम्हाला आठवत असेल.

एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती. तुम्ही तेलाच्या कंपनीत नकाशे काढायचात आणि अम्माला आणि मला समुद्रकाठच्या गावाहून आणून तुम्हाला जेमतेम एक पावसाळा झाला होता. म्हणजे गावाकडे पावसाळा झाला असेल, इथे कसला पावसाळा! तोवर माझ्यासाठी अब्बा म्हणजे दोन वर्षांनी येणारा, साबणाचा छान वास येणारा एक पाहुणा. तुम्ही परत जायला निघालात की मी आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत पोचवायला यायचे आणि मनात थोडी सुटकाही वाटायची, कारण तुमच्यासमोर नीट बसावं लागायचं. दोह्यात मात्र तुम्ही माझी वेणी घालायला शिकलात. वाकडी घालायचात, पण घालायचात. संध्याकाळी मला समोर बसवून पेन्सिलीला टोक काढायला द्यायचात. मला बाप नुकता कुठे सापडला होता, आणि अम्माने ट्रंक भरायला घेतली होती.

तिचं काही चुकत नव्हतं. एका खोलीत दिवसभर कोंडून, खारट पाण्याने भांडी घासून, हिरवं पान नजरेला पडत नाही म्हणून ती सुकत चालली होती. "मना नाय ऱ्हायाचा हितं," ती म्हणाली. "फुडच्या बोटीनं मी आनि पोर गावाला जातू. तुमी तुमचं नकाशे काढीत बसा." तुम्ही जेवताना दोनदा पाणी मागितलंत आणि प्यायलं नाहीत. त्या दिवसापासून ट्रंक पलंगाखाली होती आणि मी रोज तिला पायाने आणखी आत ढकलायचे.

आणि मग तुमच्या साहेबाने तुम्हाला ती कल्पना दिली. हा साहेब दर उन्हाळ्यात विलायतेला जाऊन बायकामुलांना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकायचा. ओढ्याकाठी चहा, गवतात लोळणं, पाऊस आला की सगळ्यांनी आत घुसून पत्ते खेळणं. त्याचे फोटो तुम्ही पाहून आला होतात. साहेब म्हणाला होता म्हणे, की बायको रुसली असेल तर तिला घराबाहेर काढावं, घरात समजूत निघत नाही. त्याने आपला तंबू दिला, कंपनीची पिकअपही मिळवून दिली. गुरुवारी दुपारी तुम्ही ते कॅनव्हासचं गाठोडं खांद्यावर घेऊन दारात उभे राहिलात, तो चेहरा मला अजून दिसतो. ईद तुम्हीच घेऊन आल्यासारखा.

"कॅम्पिंगला जायाचा," तुम्ही म्हणालात.

"म्हंजे काय?"

"तंबूत ऱ्हायाचा. भायेर जेवाचा. साहेब लोक असाच करतात."

"घर आसताना भायेर ऱ्हायाचा?" अम्मा म्हणाली. "आमच्याकडं त्याला भिकारी म्हनतात."

पण ती आली. का आली हे मी तिला पुढे विचारलं तेव्हा म्हणाली, की एवढा मोठा माणूस एवढा खुळ्यासारखा हसत होता, नाही कसं म्हणू. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. माणूस नाही, झाड नाही, नुसती वाळू, चार दगड आणि पुढे उथळ, शांत समुद्र. तुम्ही साहेबाने सांगितल्याप्रमाणे खुंट्या ठोकायला लागलात. विलायतेच्या मातीत खुंटी बसत असेल, इथल्या वाळूत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. तंबू उभा राहतो, तुम्ही मागे सरून कौतुकाने बघता, तंबू खाली बसतो. तिसऱ्या वेळेला तो तुम्हाला घेऊन खाली बसला. आतून तुमचा आवाज येतोय, "काय नाय, काय नाय," आणि अम्मा तोंडावर पदर धरून उभी आहे. शेवटी एक दोर पिकअपला बांधला, बाकीचे दगडांना. तंबू थोडा लंगडाच राहिला, पण राहिला; त्या खटपटीत सूर्य कुठे बुडाला ते कोणी पाहिलंच नाही.

आणि तो वास! आत गेल्याबरोबर अम्मा थांबली. जाड कापडाला दमटपणाचा, जुन्या गवताचा वास होता. तिने एक घडी उलगडली तर शिवणीत वाळलेली गवताची पाती आणि एक चिमुकलं चपटं फूल अडकलेलं होतं. कुठल्या तरी विलायती कुरणातलं. तिने ते तळहातावर घेतलं. "हयच तर वास आमच्या माळ्यावर येतो," ती हळू आवाजात म्हणाली, "कांबळी ठेवतू थय." मग ती बराच वेळ तंबूतच बसून राहिली. मला वाटलं झालं, आता गावाची आठवण आली, उद्याच बोटीचं तिकीट. तुम्हालाही तेच वाटलं असणार, कारण तुम्ही लगेच जेवणाची घाई केलीत.

जेवणही साहेबी होतं. पाव, डब्यातलं चीज, काकडीचे काप. तुम्ही सँडविच करून दोघींच्या हातात दिलंत आणि पहिला घास घेऊन "फस्क्लास!" म्हणालात. वाळू दाताखाली कचकचली, ती आम्ही सगळ्यांनीच ऐकली. अम्माने पिशवीच्या तळातून डबा काढला. घावणे, आणि सुक्या बांगड्याची चटणी. तुम्ही डब्याकडे न बघता समुद्राकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "साहेबांच्यात ह्याच्याबरोबर कायतरी तोंडी लावनं आसतंच." सँडविचमध्ये बांगड्याची चटणी घालून खाणारा पहिला माणूस तुम्हीच असाल, अब्बा. तीन खाल्लीत.

पहाटे धुकं पडलं. थंडीत इथे पडतं तसं, हात लांब केला तर बोटं दिसू नयेत इतकं. उठायलाही उशीर झाला. सगळीकडे सारखाच करडा उजेड, ना आभाळ दिसे ना पाणी, नुसती लाटांची चुळचुळ ऐकू येत होती. तुम्ही घाईघाईने हातपाय धुऊन वजू केलंत आणि लाटांच्या आवाजाकडे तोंड करून चटई अंथरलीत. अम्माने विचारलं, "काबा तिकडंच ना?" तुम्ही जरा दुखावल्यासारखे म्हणालात, "समुद्र खय हाय? तिकडं. मग काबा खय आसनार?" आपल्या गावात मशिदीची भिंत समुद्राकडे, आजोबांची चटई समुद्राकडे. समुद्राकडे तोंड केलं की झालं, हे आपल्याला चालायला शिकायच्या आधी ठाऊक. दोह्यातल्या खोलीत आपण कपाटाकडे तोंड करायचो, त्या कपाटाच्या मागे समुद्र आहे की बाजार, याचा विचार कोणी केला होता! तर तुम्ही पुढे, आम्ही दोघी मागे, मनोभावे नमाज झाली. शेवटचा सलाम फिरवून तुम्ही तसबीचे मणी ओढत बसलात.

आणि समोरचं धुकं गुलाबी व्हायला लागलं. आधी मला वाटलं कोणी जाळ केलाय. मग ते लाल झालं, विरलं, आणि ऐन आपल्या नाकासमोर, पाण्यातून, तांब्याच्या परातीएवढा सूर्य वर आला. आम्ही तिघेही बघत राहिलो. आपण जन्मभर सूर्याला समुद्रात बुडताना पाहिलेलं, तिथून तो वर येतो हे डोळ्यांना पटेना. अम्मा गोंधळून म्हणाली, "सांज झाली?" आणि मग तिलाच आधी कळलं. तिने समोर सूर्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागे पाहिलं, मग तुमच्याकडे. दोह्याचा समुद्र उगवतीला, मक्का मावळतीला; दिवसभर उत्तर-दक्षिणेचे बाण काढणारा माणूस मक्केकडे सपशेल पाठ करून बसला होता.

ती हसायला लागली, अब्बा. मी तिला तशी हसताना पूर्वी पाहिली नव्हती, नंतर खूपदा पाहिली. वाळूत बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुमचे कान लाल झाले. कोणी म्हणेल तुम्ही मुद्दाम केलं असेल, पण कान काही नाटक करत नाहीत. तुम्ही पुटपुटलात, "अल्ला माफ करनारा हाय. धुका व्हता." ती हसतच म्हणाली, "काबा ऱ्हायला मागं आनि गाव आला समोर. सरळ गेलू आसतू तर घरीच पोचलू आसतू!" मग डोळे पुसून, तुमच्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्या मानसाला एकटा टाकून मी जाऊ कशी? हा असाच उलटा नमाज पडत ऱ्हायल."

सूर्य चांगला वर आल्यावर आपण चटई फिरवून पुन्हा नमाज पढलो. त्यानंतरचा चहा वाळूसकट फार गोड लागला. घरी आल्यावर अम्माने ट्रंक ओढून बाहेर काढली, पातळं परत खुंटीवर लावली आणि ते विलायती फूल रिकाम्या ट्रंकेत ठेवून दिलं. कंपनीत साहेबाने विचारलं तेव्हा तुम्ही "फस्ट क्लास, सर," एवढंच म्हणालात, हे तुम्हीच सांगितलेलं. दिशेचं काही सांगितलं नाहीत, ते बरंच केलंत.

मध्यंतरी मी माझ्या धाकट्या लेकीकडे विलायतेला गेले होते. त्यांनी मला खरोखरच्या कुरणात, खरोखरच्या ओढ्याकाठी तंबूत झोपवलं. रात्रभर पाऊस पडला. सकाळी ओल्या गवताचा तो वास आला आणि मी जावयासमोर रडले. त्याला वाटलं मला थंडी बाधली, बिचाऱ्याने तीन पांघरुणं आणली.

हे कागद मी पाकिटात घालणार नाही. गावच्या कबरस्तानात तुम्ही दोघं शेजारी शेजारी आहात, तिथे पोस्टमन येत नाही, आणि आला तरी पत्र अम्माच आधी वाचेल. पण एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. नातीला घेऊन मी कधी किनाऱ्यावर जाते तेव्हा नमाज बरोबर दिशेला पढते, फोन दाखवतो तशी. पण तुमच्यासाठी दुआ मागायची वेळ आली की उठते, वळते आणि मक्केकडे पाठ करून समुद्राकडे हात पसरते. लोक बघतात. बघू देत. तुमचं गाव त्याच बाजूला आहे, अब्बा. मी नकाशात पाहून घेतलंय.