दुधाचा ताप

लोहारा,
चैत्र, १९७९

जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांस,
सप्रेम नमस्कार.

रजा संपत आली. राजीनाम्याचं कारण लिहायला बसलोय, तर आधी खरं कारण सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुई टोचायला लागलो, तो थांबलोच नाही. नुसतं मीठ-साखरेचं पाणी प्या म्हटलं की 'ह्यो कसला डाक्टर' म्हणायचे आणि सुई टोचली की पाया पडायचे. अलीकडं तर माणूस दारात आला की मला त्याच्या चेहऱ्याऐवजी दंडच दिसायचा.

रजेत वेळ जावा म्हणून सकाळी गावच्या दूध सोसायटीत बसू लागलो. दुधात पाणी आहे का, हे बघायची काचेची नळी असते, दिसायला थेट थर्मामीटरसारखी. काल कडूबाईंच्या दुधात ती सोडली, तर म्हातारी घाबरली.

"डाक्टर, म्हशीला ताप हाय का वो? सुई तेवढी देऊ नका, लई मारकी हाय."

मी पोट धरून हसलो. सगळी रांग माझ्याकडं बघत राहिली. कडूबाई म्हणाल्या, "इतकी सालं आमच्या जिभा बघितल्या तुमी. तुमचं दात आज दिसलं."

साहेब, सोसायटीला सचिव हवा होता. मी हो म्हणून बसलोय.

हे पत्र काही तुम्हाला पाठवत नाही. अर्जात 'प्रकृती बरी नसल्यामुळं' एवढंच लिहीन. ते खोटं आहे. प्रकृती आत्ता कुठं बरी झाली आहे.

आपला,
बलभीम सरवदे
(रजा संपेपर्यंत डॉक्टर)