आत्याचं ‘नको’

प्रिय आत्या,

तुझ्या भाच्याचा इथूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (‘बरे आहेत’ असं लिहू नकोस, खरं लिही.) मी ठणठणीत आहे आणि खुशीतही आहे. पण त्याआधी इथे जे रामायण घडलं, त्याचं मूळ तुझ्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी इथे चष्म्याच्या काचा घासतो, हे तुला ठाऊकच आहे. परवा आमचे मुख्य कारागीर निवृत्त झाले. त्यांची जागा मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती, कारण त्या जागेबरोबर कारखान्यावरच्या दोन खोल्या मिळतात, आणि माझ्या सध्याच्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. मालकीणबाईंनी मला आत बोलावून सरळ विचारलं, ही जागा घ्याल का? आता तुझ्या हाताखाली वाढलेला माणूस काय म्हणणार? मी मान खाली घातली, ताटावर आडवा धरतात तसा हात धरला (समोर ताट नव्हतं, टेबल होतं) आणि म्हणालो, “छे छे, मला कशाला! दुसरं कोणीतरी बघा.”

आपल्याकडे यापुढे काय होतं ते तुला काय सांगायचं! समोरचा म्हणतो, घे रे. आपण म्हणतो, नको. समोरचा रागावतो, शपथ घालतो, मग आपण नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून घेतो. (तुझ्या दारात पाहुणे हे इतका वेळ चालवायचे की त्यांची गाडी चुकायची.) मालकीणबाई फक्त “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी तिथेच उभा. आणखी काही? त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. हेसुद्धा सभ्यपणापायी!

मग त्यांनी माझ्या शेजारी बसणाऱ्याला बोलावलं. (चौकोनी चेहऱ्यामुळे आम्ही त्याला चौकट म्हणतो, आणि तो ओ देतो.) तोही नको म्हणाला आणि बाहेर येऊन काच घासायला लागला. मी त्याला धीर दिला, थांब, पुन्हा विचारतील. तो म्हणाला, पुन्हा कशाला? त्याला ती जागा नको होती, म्हणून तो नको म्हणाला होता! आत्या, नको असताना नको म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी स्वतःला स्वभावानंच नम्र समजत होतो. पण तो स्वभाव माझा कुठला, तो तू ताटात वाढलेला. मग आपलं स्वतःचं असं काही आहे का, ते तपासायला घेतलं. त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, आमचं जुनं कपाट हवंय का? मी फटकन हो म्हणालो. त्यांचा चेहरा पडला (बहुधा विचारायचं म्हणून विचारलं असावं), पण कपाट आलं. आता माझं दार अर्धंच उघडतं आणि मी पोट आत घेऊन घरात शिरतो. पण हिंमत आली, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दारावर ‘मुख्य कारागीर पाहिजे’ असा कागद चिकटवत होत्या. मी तडक गेलो आणि आपल्या घराण्यात आजवर कोणी केलं नाही ते केलं. कोणी विचारलेलं नसताना हो म्हणालो! त्या म्हणाल्या, “काल तर नको म्हणालात.”

“ते माझं नव्हतं. ते माझ्या आत्याचं होतं.”

त्यांनी कागदाचा चिकटलेला कोपरा नखानं सोडवायला घेतला. जागा मिळाली, आत्या. आता मी माझ्या मनाचा मालक आहे. तुझं वळण पार पुसून गेलं, याचा राग मानू नकोस.

तुझा, आणि आता थोडा स्वतःचाही,
भाचा

ता. क. – बातमी कळल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, अहो, मी काय एवढं केलं! ते लगेच थांबले.

आणखी एक ता. क. – दोन खोल्यांपैकी एकीत ते कपाट आणि तुझी खाट बसते, मापं घेतली आहेत. जिना आहे, पण कठडा भक्कम आहे. तू इथे कायमची राहायला ये. ‘नको रे, मला कशाला’ म्हणालीस, ते मी ऐकलं. म्हणून पुन्हा म्हणतो, ये. ‘उगाच तुला त्रास’ म्हणालीस, तेही ऐकलं. माझी शपथ आहे, ये. मला तू इथे हवी आहेस. सगळं रीतसर विचारून झालं, आता फक्त गाडीची वेळ कळव.