गाणं थांबतं ती जागा

प्रिय ओविती,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस. म्हणून हे पत्र मोम्बासाच्या बसवाल्याकडे देतेय. तुझ्या हातात दिल्याशिवाय हलू नकोस, असं बजावलंय त्याला. आई दिवसभर पडून असते, तिला गाणी हवीत, असं मी कळवलं होतं. त्यावर तुझे पैसे आले. चौकशीचा एक शब्द नाही, नुसते पैसे. असू दे.

ते पुरणार एकाच गोष्टीला. एक तर ब्लूटूथ स्पीकर, नाहीतर बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई आणि पट्टा. किसुमूचा दुकानदार मला हसला. "अहो ताई, तो पेटारा चुलीत घाला! स्पीकर घ्या, वीज गेली तरी वाजतो." खरं सांगते, मला पटलं होतं. आपल्याकडे वीज किती टिकते ते तुला माहीतच आहे. मी म्हटलं, आधी आमचं गाणं लावून दाखव. त्यानं मोबाइलवर शोधून लावलंही. आवाज कसा स्वच्छ! पण मधला भागच गायब. कुणा शहाण्यानं गाण्यातली बडबड म्हणून कापून टाकला असणार.

बडबड म्हणे! अहेरोच्या बारमध्ये त्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललेलं, बाबांनी मासे विकून आलेली सगळी कमाई गायकासमोर ठेवली, आणि रिवाजाप्रमाणे त्यांना बोलता यावं म्हणून वाद्यं थांबली. बाबा ओरडले, "मी ओग्वेनो! न्याकाचकडची ती लांब मानेची पोरगी माझ्या घरी नांदते. जळायचं त्यानं जळावं!" तू तेव्हा आईच्या पोटात होतास. ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "घरात पीठ नाही आणि हे पैसे उधळून पाक्रुओकच्या बढाया मारत फिरतात!" आणि रेकॉर्ड आली तेव्हा शेजारणींना बोलावून बोलावून तिनंच ती ऐकवली. आठवतं ना, आपण दोघं ओमेनाची बारीक मासळी निवडत बसायचो आणि बाबांच्या बरोबरीनं ते ओरडायचो?

म्हणून मी सुई घेतली. घरी आले, पट्टा बसवला, आईला उशीला टेकवून बसवलं. गिटार काय सुरेख वाजली रे! तिची बोटं गोधडीवर ताल धरत होती. मग वाद्यं थांबली, ती जागा आली, आणि नुसती खरखर. बाबा गेल्यावर ती रोज सुई उचलून तेवढ्याच जागेवर ठेवायची; तेवढंच झिजून गेलंय. इतक्या दिवसांत माझ्या हे लक्षातही आलं नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. "अदोयो, ते बोलत का नाहीत गं?" मी मागं जाऊन चुलीपाशी रडून घेतलं. तेव्हापासून तिनं गाणं मागितलेलं नाही.

डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, हे तुला कळवलं नव्हतं. आता ती पेजेचे दोन घोट घेते, तेही मी रागावले तर. बाबांच्या दफनाला तू उशिरा पोचलास, तेव्हा चारचौघांत ती तुला म्हणाली, "पुरून झाल्यावर आलास होय रे, मोठा साहेब!" ते लागणारच, मलाही लागलं होतं. पण आता रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की ती दाराकडे मान वळवते. नाव घेत नाही, हट्टी आहे, तुझीच आई ती. तुझा आवाज हुबेहूब बाबांचा आहे, ओविती. आणि आपल्यात जो पैसे ठेवतो, त्याच्यासाठी गाणं थांबतं, बोलायचा मान त्याचा. पैसे तू ठेवलेस. मिळेल त्या बसनं ये. रेकॉर्ड मी लावीन, त्या जागी सुई उचलीन, आणि तू उशाशी बसून मोठ्यानं बोल, तिला आता कमी ऐकू येतं. बाबांची नक्कल नको, ती लगेच ओळखेल. मी ओविती, न्याकाचच्या लेकीचा पोरगा, एवढं म्हण. पुढचं तुला सुचेल.

तुझीच, वाट बघणारी,
अदोयो